संगणक आणि छोटा व्यवसाय – लेखांक ७ : खरेदीच्या बिलांची जुळवणी

छोट्या व्यवसायातली जी नेहमीची कामे संगणकावर सोपवता येतात, त्यांत खरेदीच्या बिलांची जुळवणी सर्वांत कंटाळवाणी, आणि म्हणूनच सर्वांत आधी सोपवण्याजोगी. माल घेताना भरलेला जीएसटी विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. हेच इनपुट टॅक्स क्रेडिट. १ जानेवारी २०२२ पासून मात्र पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेले असेल आणि ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या पत्रकात उतरलेले असेल, तरच ही वजावट मिळते. बिल फायलीत आहे, पैसेही चुकते केले आहेत, एवढ्याने भागत नाही.

दरमहा विवरणपत्र भरणारा पुरवठादार आपली विक्री पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत कळवतो. १४ तारखेला २बी तयार होते आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरून कर चुकता करायचा असतो. जुळवणीला उरतात मधले मोजके दिवस. हार्डवेअरच्या घाऊक दुकानात महिन्याला दोन-अडीचशे बिले येत असतील, तर या दिवसांत हिशेबनीस दुसरे काही करू शकत नाही.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत ही जुळवणी आता आयतीच मिळते. एक्सेलमध्येही ती बसवता येते. दोन्हीकडे तत्त्व एकच. खरेदीच्या नोंदी एका बाजूला, २बी दुसऱ्या बाजूला, आणि पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख व कराची रक्कम या चार गोष्टींवर मेळ. ऐकायला हे सोपे आहे. घोडे अडते ते बिल क्रमांकापाशी. कायद्याने बिल क्रमांक १६ चिन्हांपर्यंतचा असू शकतो आणि त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ, तिरकी रेघ हे सगळे चालते. पुरवठादार ‘एबी/००४५/२५-२६’ असे कळवतो आणि दुकानात नोंद होते नुसती ‘४५’. एक्सेल तर सुरुवातीची शून्ये गाळून टाकते आणि ‘४-५’ असा क्रमांक दिसला की त्याची परस्पर तारीख करते. म्हणून ते रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावे लागतात, मग रेघा आणि शून्ये काढून दोन्हीकडचे क्रमांक एका साच्यात आणावे लागतात. जुळवणीचे सूत्र लिहायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ या सफाईत जातो. अशा प्रणालींचे विक्रेते प्रात्यक्षिक दाखवताना हा भाग सहसा वगळतात.

जीएसटी क्रमांकाचे त्या मानाने सोपे आहे. त्याच्या १५ चिन्हांपैकी पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा पॅनची आणि शेवटचे चिन्ह आधीच्या चौदांवरून गणिताने ठरलेले. टाइप करताना एखादे अक्षर चुकले, तर नोंद होतानाच प्रणाली ते पकडू शकते. ही तपासणी नोंदीच्या वेळीच लावलेली बरी. महिनाअखेरीस चूक निस्तरणे म्हणजे दुप्पट काम.

रकमेबाबत थोडी सूट ठेवावी लागते. पैशांच्या पूर्णांकनामुळे रुपया-दोन रुपयांचा फरक पडतोच. ही सूट किती, हे मालकाने किंवा सीएने ठरवायचे. ती ऐसपैस ठेवली, तर सगळेच जुळते आणि जुळवणीला अर्थ उरत नाही.

एवढे झाले की बहुतेक बिले आपोआप जुळतात आणि माणसापुढे फक्त उरलेली येतात. बिल दुकानात आहे पण २बीत नाही, तर पुरवठादाराला आठवण करायची. हा संदेशही प्रणाली पाठवू शकते, पण जुन्या संबंधातल्या व्यापाऱ्याला यंत्राच्या भाषेतला तगादा गेला तर तो दुखावतो, तिथे फोनच केलेला बरा. २बीत आहे पण दुकानात नाही, तर नोंद राहून गेली असेल किंवा दुसऱ्याच कोणाचे बिल चुकून या क्रमांकावर चढले असेल. याचा निर्णय सूत्रावर सोडू नये. ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर अशी बिले स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय आहे. काहीच केले नाही, तर बिल स्वीकारले असे धरले जाते. म्हणजे न पाहणे हाही तिथे एक निर्णयच ठरतो.

नवी व्यवस्था बसवल्यावर निदान दोन महिने हाताने आणि यंत्राने अशी दुहेरी जुळवणी चालू ठेवतात. फरक निघाला की तो कोणत्या नियमामुळे निघाला हे लिहून ठेवले, तर हिशेबनीस बदलला तरी काम अडत नाही.

याच नोंदींतून आणखी एक काम साधते. पुरवठादाराचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. बिलाची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख दोन्ही नोंदवलेल्या असल्यामुळे, १५० दिवस उलटलेली थकीत बिले दर सोमवारी समोर यावीत एवढी सूचना प्रणालीला देऊन ठेवली की पुरते.