आरोग्यग्रंथपाल

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे गाव लागते. सभोवार काळी जमीन, सोयाबीन व तुरीची शेते, बांधावरचे दगड आणि गोठ्यालगतच्या कडब्याच्या गंजी. अशा गावी विंचवाचे भय कोणाला ठाऊक नाही? समजा, कडब्याची पेंढी ओढताना एखाद्या मुलाला लाल विंचू चावला. घरच्या माणसांनी त्याला तातडीने दवाखान्यात नेले. मुलगा घामाने भिजला आहे. त्याचे हातपाय गार पडले आहेत. अशा वेळी डॉक्टरांनी कोणते औषध द्यावे? आणि ते गुणकारी आहे हे त्यांनी कशावरून ठरवावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे कार्य कोकणात, महाड येथे झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे विंचूदंशाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे बारकाईने अभ्यास केला. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो व फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांनी पाहिले. म्हणून १९८० नंतरच्या दशकात त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांना देण्यास प्रारंभ केला. पूर्वी गंभीर दंश झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे चाळीस दगावत. ह्या औषधानंतर हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे त्यांनी सत्तर रुग्णांचे दोन गट केले. एका गटास केवळ प्राझोसिन दिले, तर दुसऱ्यास त्याच्या जोडीने विंचवाच्या विषावरील लसही दिली. दुसऱ्या गटातील रुग्ण लवकर बरे झाले. हा प्रयोग २०११ साली ब्रिटनमधील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

केवळ रूढी म्हणून अथवा कोणी थोर माणूस सांगतो म्हणून नव्हे, तर अशा रीतीने पारखून घेतलेल्या ज्ञानाच्या आधारे उपचार करणे, ह्यालाच पुराव्यावर आधारलेले वैद्यक असे म्हणतात. त्यात डॉक्टरांचा अनुभव व रुग्णाची परिस्थिती ह्यांचाही विचार होतोच.

परंतु महाड कोठे आणि अनसिंग कोठे! दोहोंमध्ये पाचशेहून अधिक किलोमीटरचे अंतर. तेथे सापडलेले ज्ञान येथे पोहोचावे कसे? ते छापले गेले हे खरे. पण जगात दरवर्षी लक्षावधी वैद्यकीय लेख छापले जातात. त्यांची सूची करण्याचे काम अमेरिकेतील जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली हाती घेतले. त्याच परंपरेतून १९९६ साली संगणकावर ‘पबमेड’ ही सूची सुरू झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्या सागरातून नेमका मोती काढणे, हे आरोग्यग्रंथपालाचे काम होय.

हे काम वाटते तितके सोपे नाही. आपण ज्याला लाल विंचू म्हणतो, त्याचे शास्त्रीय नावच अनेकदा बदलले आहे. जुन्या लेखांत तो ‘बुथस टॅम्युलस’ आहे, नंतरच्या लेखांत ‘मेसोबुथस’, तर अलीकडे ‘हॉटेंटोटा’. एकच नाव घेऊन शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच ज्ञान लागेल. निष्णात ग्रंथपाल सर्व नावांनी शोध घेतो. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, असे विचारून तो डॉक्टरांचा प्रश्न आधी नेमका करून घेतो. मग भक्कम प्रयोग कोणते व नुसती मते कोणती, हे निवडून तो त्यांच्यापुढे ठेवतो. औषध तो ठरवीत नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच.

विखुरलेले ज्ञान वेळेवर एकत्र झाले नाही, तर काय घडते? त्याचे एक उदाहरण ऐका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. प्रसूतीपूर्वी आईला एक स्वस्त इंजेक्शन दिल्यास अशी पुष्कळ बाळे वाचतात, असे दाखविणारा प्रयोग न्यूझीलंडमध्ये १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे आणखीही प्रयोग झाले; पण ते निरनिराळ्या नियतकालिकांत पडून राहिले. ते शोधून एकत्र मांडलेला आढावा १९८९ साली निघाला. तोवर बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना ह्या उपचाराची खात्री पटली नव्हती. मधल्या सतरा वर्षांत, वाचू शकली असती अशी हजारो बाळे जगभर दगावली. औषध होते, पुरावाही होता. कमी होती ती तो गोळा करणाऱ्या हातांची.

आज मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत असे ग्रंथपाल असतात. दिल्लीत १९६६ पासून राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आहे. त्या ग्रंथपालांची व रुग्णाची गाठ कधी पडत नाही. बरा होऊन घरी परतणारा मुलगा डॉक्टरांना नमस्कार करतो. दूर कोठेतरी शांतपणे शोध घेणाऱ्या माणसाचे नावही त्याला ठाऊक नसते.

मुलांनो, विंचू चावल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता तत्काळ दवाखाना गाठा. आणि कोणी कोणताही उपचार सांगितला, तर नम्रपणे पण निर्भयपणे विचारा, “हे कशावरून?” त्या लहानशा प्रश्नापासूनच विज्ञानाचा आरंभ होतो, आणि त्याचे उत्तर शोधून जपून ठेवणाऱ्यांमुळेच ते ज्ञान तुमच्याआमच्या गावापर्यंत येऊन पोहोचते.