‘त्रास देत नाही’ म्हणजे बरा झाला का?

“ताई, आता बरा आहे तो. कुणाला त्रास देत नाही.”

पिंपरीतल्या एका वस्तीत एका आईने आम्हाला हे सांगितलं. मुलगा सव्वीस वर्षांचा. चाकणला प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामाला होता. कानात आवाज येऊ लागले, लोक पाळत ठेवतात असं वाटू लागलं. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्यावर आवाज थांबले, पण तोवर काम सुटलं होतं. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि तो पोटमाळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मित्र येत नाहीत. पाहुणे आले की त्याला खाली बोलावत नाहीत. रेशनकार्डावर नाव आहे, घरातल्या बोलण्यात नाही.

नर्स म्हणून वॉर्डात काम करताना आम्हीही एवढंच विचारायचो: झोपतो का, जेवतो का, गोळी घेतो का, अंगावर धावून येतो का? उत्तरं ठीक आली की पुढचा पेशंट. हा माणूस दिवसभर करतो काय, हे आम्ही कधी विचारलं नाही. ती आमची चूक होती.

जगणं कसं चाललंय हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिचे चार भाग: शरीर, मन, माणसांशी नातं आणि भोवतालची परिस्थिती, म्हणजे घर, पैसा, सुरक्षितता, दवाखान्याची सोय. गोळी पहिल्या दोन भागांना मोठा आधार देते. उरलेले दोन घराने आणि वस्तीने सांभाळायचे असतात.

हा एखाद्या घराचा प्रश्न नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मानसिक आजार आढळला. मोठ्या शहरांत प्रमाण अधिक होतं.

शरीर. गोळ्यांनी सुस्ती येते, वजन वाढतं, हातपाय आखडतात, काहींची साखर वाढते. म्हणून मनाने गोळी बंद करू नका, आजार उलटतो. त्रास डॉक्टरांना सांगा, गोळी किंवा वेळ बदलता येते. रात्रपाळीने झोप मोडली की काहींचा आजार उसळतो, त्यांनी दिवसपाळीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागावी.

पैसा. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर कंत्राटी कामगारालाही आजारपणाचा भत्ता आहे. दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य आणि उन्माद-नैराश्याचा आजार आहेत. दोन वर्षांची विमाधारक नोकरी आणि त्यात किमान १५६ दिवसांची वर्गणी असेल, तर नेहमीचे ९१ दिवस संपल्यावर मजुरीच्या ८० टक्के दराने वाढीव भत्ता मिळू शकतो. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक घरांना हे ठाऊक नव्हतं. पोरगा आजारी पडला की आधी काम सुटतं, कागद मागून शोधले जातात. पगाराच्या पावत्या आणि ईएसआय कार्ड जपून ठेवा.

२०१६ च्या कायद्याने मानसिक आजारालाही दिव्यांगत्व मानलं आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. ‘दाखला काढला की लग्न जमणार नाही’ ही भीती आम्ही घरोघरी ऐकतो. ती खोटी नाही. म्हणून निर्णय आजारी माणसाला विचारून घ्या.

मान. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी इथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण दोरी नसतानाही माणूस बांधला जातो. ‘वेडा’ म्हणून हाक मारणं, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखं बोलणं, हीसुद्धा साखळीच.

उपचारासाठी महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा टेलिमानसचा फोन दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही चालतो. सांभाळणारी माणसंही थकतात, त्यांनीही या नंबरवर बोलावं.

त्या मुलाच्या सुस्तीबद्दल आईने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळीची वेळ रात्रीची करून दिली. आम्ही विहारातल्या वाचनालयाची किल्ली त्याच्याकडे द्यायला सांगितलं, संध्याकाळी दोन तास उघडायचं. पहिल्या आठवड्यात तो दोनदा गेलाच नाही. पोरं दाराशी थांबून परत गेली. कुणी किल्ली काढून घेतली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून वेळेवर उघडू लागला. आवाज पुन्हा येणारच नाहीत, असं आम्ही म्हणत नाही. कामही अजून मिळालेलं नाही.

परवा त्याची आई नळावर भेटली.

“ताई, काल भाजी खारट झाली म्हणून माझ्यावर चिडला.”

हे सांगताना ती हसत होती.