विश्लेषण : ग्लॉक, सिग की स्मिथ अँड वेसन? अमेरिकेतला पिस्तुलांचा वाद नेमका काय आहे?

मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत पिस्तुलाला 'घोडा' म्हणतात. पण आज अमेरिकेत पोलिसांच्या कमरेला आणि सामान्य नागरिकांच्या घरात जी पिस्तुलं सर्वाधिक दिसतात, त्यांना बाहेरून घोडाच नसतो. त्यांना 'स्ट्रायकर-फायर्ड' पिस्तूल म्हणतात. यातलं कोणतं चांगलं, हा तिथे कधीही न संपणारा वाद आहे. गेल्या काही वर्षांत मात्र हा वाद आवडीनिवडीपुरता उरलेला नाही. तो कोर्टात आणि लष्करी तळांपर्यंत पोहोचला आहे.

स्ट्रायकर-फायर्ड म्हणजे काय?

जुन्या पद्धतीच्या पिस्तुलात मागच्या बाजूला घोडा असतो. चाप ओढला की घोडा पुढे आदळतो, फायरिंग पिनला धक्का बसतो आणि पिन काडतुसाच्या बुडावर आपटून गोळी सुटते. स्ट्रायकर पद्धतीत घोडा नसतो. आत स्प्रिंगने ताणलेली एक पिन असते, तोच स्ट्रायकर. चाप ओढला की तो सुटतो आणि थेट काडतुसावर आदळतो.

याचे फायदे उघड आहेत. सुटे भाग कमी लागतात, कपड्यात अडकायला बाहेर काही नसतं आणि प्रत्येक वेळी चाप ओढायला साधारण सारखाच जोर लागतो. त्यामुळे नव्या माणसाला शिकवणं सोपं जातं.

ग्लॉक इतकं लोकप्रिय का झालं?

ऑस्ट्रियाचे गॅस्टन ग्लॉक आधी पडद्याचे रॉड आणि लष्करासाठी चाकू बनवायचे. त्यांचं प्लास्टिकसदृश पॉलिमर सांगाड्याचं 'ग्लॉक १७' ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२च्या सुमारास स्वीकारलं. पुढे अमेरिकी पोलिसांनीही ते उचललं.

ग्लॉकमध्ये स्ट्रायकर आधीपासून अर्धवटच ताणलेला असतो. चाप ओढल्यावर तो आणखी मागे जातो आणि मग सुटतो. चापावरची छोटी पट्टी, पिन अडवणारा अडसर आणि पिस्तूल पडल्यास गोळी सुटू न देणारी रचना, अशा तीन आतल्या सुरक्षा त्यात आहेत. अंगठ्याने लावायचा सेफ्टी खटका मात्र नेहमीच्या मॉडेलमध्ये नसतो.

त्याची एक अडचणही आहे. साफसफाईसाठी ग्लॉक उघडायचं तर आधी चाप ओढावा लागतो. पिस्तूल रिकामं केल्याची खात्री न करता कोणी तसं केलं, तर गोळी सुटते.

मग बाकीच्यांनी वेगळं काय दिलं?

स्मिथ अँड वेसनने २००५मध्ये 'एम अँड पी' मालिका आणली. ते पिस्तूल चाप न ओढताही उघडता येतं. ज्यांना हवा त्यांना अंगठ्याचा सेफ्टी खटकाही मिळतो.

सिग सॉअरचं 'पी३२०' २०१४मध्ये आलं. त्याचा चाप आणि स्ट्रायकर सोडणारा भाग म्हणजे एक वेगळा धातूचा संच. अमेरिकी कायद्याने तोच 'बंदूक' मानला जातो. बाहेरची मूठ लहान-मोठी बदलता येते. यात स्ट्रायकर आधीच पूर्ण ताणलेला असतो. चापाचं काम फक्त तो सोडण्याचं.

लष्कराने काय निवडलं?

१९८५पासून वापरात असलेलं बेरेटा एम९ बदलण्यासाठी अमेरिकी लष्कराने स्पर्धा घेतली. जानेवारी २०१७मध्ये सिगला कमाल ५८ कोटी डॉलरचं कंत्राट मिळालं. 'एम१७' आणि 'एम१८' ही पी३२०चीच लष्करी रूपं आहेत, त्यांना अंगठ्याचा खटकाही आहे. ग्लॉकने आक्षेप घेतला, पण जून २०१७मध्ये तो फेटाळला गेला. सिगची किंमत ग्लॉकपेक्षा सुमारे १० कोटी डॉलरने कमी होती, हा त्यातला मोठा मुद्दा होता.

वाद कुठे पेटला?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ठरावीक कोनात खाली पडल्यास नागरी पी३२०मधून गोळी सुटू शकते, असं चाचण्यांत दिसलं. कंपनीने चाप आणि आतले काही भाग मोफत बदलून द्यायला सुरुवात केली.

नंतर वेगळीच तक्रार वाढली. चाप न ओढता, पिस्तूल म्यानात असतानाच गोळी सुटली, असं सांगत अनेक पोलीस आणि नागरिक कोर्टात गेले. २०२४मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फियातल्या ज्युरींनी कंपनीविरोधात निकाल दिले. काही खटले मात्र कंपनीच्या बाजूनेही सुटले. चाप ओढल्याशिवाय पी३२० चालत नाही, असं कंपनी ठामपणे सांगते.

जुलै २०२५मध्ये इमिग्रेशन खात्याच्या 'आइस' या यंत्रणेने पी३२०चा वापर थांबवला. त्याच महिन्यात वायोमिंगमधल्या हवाई तळावर एका जवानाचा मृत्यू झाला आणि हवाई दलाच्या एका कमांडने एम१८ बाजूला ठेवलं. पण पुढे याच प्रकरणात दुसऱ्या जवानाला सदोष मनुष्यवध आणि खोटी माहिती दिल्याच्या संशयावरून अटक झाली. तपासणीनंतर ती पिस्तुलं पुन्हा वापरात आली. म्हणजे प्रत्येक घटनेत दोष यंत्राचाच असतो असं नाही, आणि प्रत्येक वेळी माणसाचाच असतो असंही नाही.

मग निवड कशावर ठरते?

अमेरिकेतले प्रशिक्षक ब्रँडच्या आधी साध्या गोष्टी बघायला सांगतात. मूठ हातात बसते का, बोट चापापर्यंत नीट पोहोचतं का, चाप पूर्ण झाकणारं म्यान आहे का आणि सराव किती होणार आहे. स्ट्रायकर पिस्तुलात बऱ्याचदा बाहेरचा खटका नसतो. तिथे चापावर बोट न ठेवण्याची सवय हीच माणसाच्या हातातली सुरक्षा ठरते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात सामान्य परवानाधारकापुढे हा प्रश्न येत नाही. ही पिस्तुलं मुख्यतः ज्या ९ मिमी काडतुसावर चालतात, ते नागरिकांसाठी 'निषिद्ध बोअर'मध्ये मोडतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. ग्लॉक आपल्याकडे दिसतं ते एनएसजीसारख्या दलांच्या हातात. त्यामुळे 'कोणतं पिस्तूल भारी' सांगणाऱ्या परदेशी रील्स बघताना, तिथे तो खरेदीचा प्रश्न आहे आणि इथे तो परवान्याचा आणि कायद्याचा आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.