नाशिकला भुयारी मेट्रो का नाही? आधी एक आकडा समजून घेऊ

लंडनमध्ये 1863 साली पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन पहिली भुयारी रेल्वे धावली, तीही वाफेच्या इंजिनावर. नाशिकसाठी सुचवली गेली 'मेट्रो निओ': रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांबलचक जोडबस. 2021-22 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी 2,092 कोटींचा आकडा आला. पुढची कित्येक वर्षं प्रकल्प कागदावरच राहिला.

मग भुयारी का नाही? 'राजकारण' हे उत्तर चहाच्या टपरीवर चालतं, सिनॉप्सिसमध्ये नाही. तिथे सुरुवात पीएचपीडीटीपासून करा. म्हणजे सगळ्यात गर्दीच्या तासात, जास्त गर्दीच्या एकाच दिशेने जाणारे प्रवासी. समजा एका गाडीत 200 माणसं मावतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला 30 गाड्या, म्हणजे 6,000 प्रवासी. मेट्रो निओ साधारण 8,000 पर्यंतच्या मार्गांसाठी धरतात. भुयार खणायचा खर्च परवडायला गर्दी याच्या कितीतरी पट लागते, शिवाय वर जागाही नसावी लागते. मुंबईची 33.5 किमीची मेट्रो 3 जवळपास सगळी जमिनीखालून गेली ती यामुळेच.

आता खरी गोम. हा आकडा मोजायचा कसा?

सिटीलिंकच्या बसमधले प्रवासी मोजले की झालं, असं वाटतं. पण बस अर्ध्या तासाने येत असेल तर माणूस दुचाकी काढतो. तो तुमच्या मोजणीत येतच नाही. म्हणजे तुम्ही मोजलेली गोष्ट मागणी नाही, उपलब्ध सेवा आहे. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं: कुठून कुठे, किती वाजता, कशाने? सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्या ऑफिसच्या वेळांशी जुळत नाहीत, त्यामुळे 'गर्दीचा तास' कुठला हेही आधी गृहीत धरू नका.

आणि सिंहस्थ? पर्वणीच्या दिवशीची गर्दी या हिशोबात घ्यायची नसते. बारा वर्षांतल्या मोजक्या दिवसांसाठी गाडी आखली तर बाकी दिवस ती रिकामी पळेल. पर्वणीच्या गर्दीचं नियोजन हा वेगळा विषय आहे (आणि माझ्या मते मेट्रोपेक्षा चांगला!).

विषय घ्यायचाच असेल तर गंगापूर रोड ते नाशिकरोड एवढाच पट्टा घ्या. अख्खं शहर घेतलंत तर सर्वेक्षणातच दोन वर्षं जातील.