‘गुड नाइट, अँड गुड लक’ आणि त्याचे प्रेक्षक

जॉर्ज क्लूनी दिग्दर्शित ‘गुड नाइट, अँड गुड लक’ (२००५) या चित्रपटाचा विषय म्हणजे सीबीएस वाहिनीचे पत्रकार एडवर्ड मरो आणि कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली दहशत माजवणारे अमेरिकी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यात १९५४ मध्ये जुंपलेली लढाई. मरोंची भूमिका डेव्हिड स्ट्रॅथेर्न यांनी केली. मॅकार्थींसाठी मात्र नट घेतलाच नाही. पडद्यावर दिसतात ते जुन्या चित्रफितींतले खुद्द मॅकार्थी. गंमत अशी, की चाचणी खेळांत काही प्रेक्षकांनी ‘मॅकार्थी झालेला नट फारच भडक अभिनय करतो’ अशी तक्रार केल्याचे क्लूनी सांगत.

चाहत्यांना भावते ती कृष्णधवल छायाचित्रणातली कोंदट न्यूजरूम, सिगारेटचा धूर आणि मधूनमधून येणारी डायन रीव्ह्ज यांची जॅझ गाणी. नाराजांचे म्हणणे, मरोंचे खासगी आयुष्य जवळपास दिसतच नाही. पण हा आक्षेप तितकासा पटत नाही. चित्रपटाचा कस त्या आटोपशीरपणातच आहे. ऑस्करची सहा नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. व्हेनिसमध्ये मात्र स्ट्रॅथेर्न सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. २०२५ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या नाट्यरूपात मरो साकारले खुद्द क्लूनींनी.