लेखांक 6 : अर्ध्या डॉलरची लस

गेल्या आठवड्यात आपण बेल लॅब्जपाशी थांबलो होतो. 1947 मध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला तो एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्यावरून ‘सरकारने संशोधनाच्या भानगडीत पडूच नये’ असे कुणाला वाटले असेल, तर आजचे उदाहरण वेगळ्या दिशेचे आहे. त्याचा एक धागा पुण्यात, हडपसरला येऊन मिळतो.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्याला ‘मेनिन्जायटिस बेल्ट’ म्हणतात. पावसाळा सरला, कोरडे धुळीचे वारे सुटले की तिथे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूची साथ पसरायची आणि पुढचा पाऊस आला की ओसरायची. 1996-97 च्या साथीत अडीच लाख माणसे आजारी पडली, 25 हजार दगावली. वाचलेल्यांतही अनेकांना कायमचे बहिरेपण आले. अशा बहुतेक मोठ्या साथी या जिवाणूच्या ए गटामुळे येत.

लस नव्हती असे नाही. जिवाणूच्या भोवती साखरेच्या साखळ्यांचे आवरण असते; त्यापासून केलेली लस उपलब्ध होती. पण ती तान्ह्या मुलांना फारशी लागू पडत नसे, मोठ्यांमध्येही तिचा प्रभाव काही वर्षांत ओसरे आणि निरोगी माणसाच्या घशात मुक्कामाला असलेला जिवाणू ती हटवत नसे. म्हणजे साथ सुरू झाली की धावपळ करून टोचायची, एवढाच तिचा उपयोग. यावरचा उपाय शास्त्रज्ञांना ठाऊक होता. ती साखर एखाद्या प्रथिनाला रासायनिक रीतीने जोडायची. मग प्रतिकारसंस्था तिची नीट दखल घेते आणि ती ओळख लक्षातही ठेवते. याला कॉन्ज्युगेट लस म्हणतात. ब्रिटनने 1999 मध्ये सी गटावरची अशी लस देशभर द्यायला सुरुवात केली. बनवली कंपन्यांनी, विकत घेतली सरकारने.

मग ए गटावर का नाही? गिऱ्हाईक गरीब होते म्हणून, दुसरे काही कारण नाही. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वच्छ सांगितले होते की, एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त पैसे आम्हाला परवडणार नाहीत. त्या भावात बड्या पाश्चात्त्य कंपन्यांना रस नव्हता. मला यात त्यांचा दुष्टपणा दिसत नाही. भागधारकांना उत्तर देणारी कंपनी असा हिशेब करणारच. पण कोणत्या रोगावर संशोधन व्हावे हे तो हिशेब ठरवू लागला, तर नायजरच्या मुलाचा नंबर कधीच लागणार नाही.

2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही ना-नफा संस्था यांनी एकत्र येऊन प्रकल्प उभारला. गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले. मार्क लाफोर्स हे डॉक्टर प्रमुख झाले. नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला : किंमत आधी ठरली, लस त्या किमतीत बसवायची होती. बड्या कंपन्यांशी बोलणी फिसकटल्यावर त्यांनी सीरम इन्स्टिट्यूटला गाठले. धनुर्वाताच्या लशीचे प्रथिन सीरमकडे होतेच. साखर सुरुवातीला नेदरलँड्सच्या एका कंपनीकडून आली. खरी अडचण दोन्ही जोडायच्या तंत्राची होती. ते मिळाले अमेरिकी सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून. तिथल्या कार्ल फ्राश आणि रॉबर्ट ली यांनी ते विकसित केले होते. करदात्यांच्या पैशातून निघालेले हे ज्ञान पुण्याच्या कारखान्यात शिकवले गेले आणि ‘मेनआफ्रिवॅक’ तयार झाली.

6 डिसेंबर 2010 ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. 1 ते 29 वयोगटातल्या एक कोटीहून अधिक लोकांना लस मिळाली. पुढे हा आकडा सगळ्या पट्ट्यात मिळून 30 कोटींच्या पलीकडे गेला आणि ए गटाच्या साथी जवळपास थांबल्या. आणखी एक सोय झाली. 40 अंशांपर्यंतच्या तापमानात ही लस चार दिवस टिकते, अशी मान्यता 2012 मध्ये मिळाली. बर्फाची पेटी घेऊन आडवाटेची गावे गाठणाऱ्यांनाच हिचे मोल कळेल.

आता श्रेय कुणाला द्यायचे? अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेने लस विकली नसती, तिचे ते कामच नाही. सीरमने एकट्याने हा प्रकल्प हाती घेतला असता असे मानायला मला आधार दिसत नाही. आफ्रिकी सरकारांनी किंमत ठरवली, माणसे रांगेत उभी केली. पण संशोधनाचा खर्च उचलणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. या साऱ्यांना जोडणारा पैसा आला एका धनाढ्य कुटुंबाच्या दानातून, आणि हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. दात्याचा कल दुसऱ्या रोगाकडे असता तर? दान करणाऱ्याला कुणी मत देत नाही, त्याला जाब विचारायला विधानसभाही नाही.

म्हणून माझे मत असे. लस कुणीही बनवावी, खासगी कारखान्याने बनवली तर उत्तमच; तिथे काटकसर आणि वेग असतो. पण कोणत्या रोगावर पैसा घालायचा हे ठरवण्याचा हक्क आणि त्यातली जोखीम सरकारांनी सोडू नये. या कामी दान हा पूरक पैसा असावा, पाया नसावा.

पुढच्या लेखांकात पिंपरीला जाऊ. 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सरकारने संशोधनही केले आणि कारखानाही चालवला. त्यातले काय जमले आणि काय फसले, ते पाहू.