४,२९,४९,६७,२९७ या संख्येचे भाजक

२ च्या १, २, ४, ८ व १६ या क्रमांकांच्या घातांत प्रत्येकी १ मिळविला असता ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही अविभाज्य आहेत. यावरून पियेर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये असे मत मांडले, की घातांक याप्रमाणे दुप्पट करीत गेल्यास मिळणारी प्रत्येक संख्या अविभाज्यच असावी. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती.

यापुढील घातांक ३२ होय. त्यापासून ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. तिची अविभाज्यता केवळ भागाकारांनी ठरवावयाची, तर ६५,५३६ पर्यंतच्या सर्व ६,५४२ अविभाज्य संख्यांनी भागून पाहावे लागेल. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलर याने तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, असे दाखविले. भागाकार ६७,००,४१७ येतो.

असा भाजक कोठे शोधावा, हे ठरविण्याचे साधन फर्माच्याच एका प्रमेयात आहे. प ही २ खेरीज कोणतीही अविभाज्य संख्या असल्यास २ च्या (प – १) व्या घातास प ने भागून बाकी १ उरते, हे ते प्रमेय. आता प हा प्रस्तुत संख्येचा भाजक मानू. मग २ च्या ३२ व्या घातास पूर्ण भाग जाण्यास १ कमी पडतो. म्हणून ६४ व्या घाताची बाकी १ येते. ज्या घाताची बाकी १ येते असा ६४ हाच लहानांत लहान घातांक होय. कारण त्याहून लहान असता तर तो ६४ चा, आणि म्हणून ३२ चाही, भाजक ठरून ३२ व्या घाताची बाकीही १ आली असती. अर्थात (प – १) ही ६४ ची पट असलीच पाहिजे. अशा अविभाज्य संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. पाचव्याच भागाकारास उत्तर हाती येते.

पडताळाही सोपा आहे. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. ६४० चा चौथा घात, म्हणजेच ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, यास ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. त्यात १६ गुणिले २ चा २८ वा घात, म्हणजे २ चा ३२ वा घात, मिळविला की ६२५ व १६ यांची बेरीज ६४१ असल्याने एकूण बेरीज ६४१ ची पट होते. यास्तव २ च्या ३२ व्या घातात १ मिळविल्यासही ६४१ ची पटच मिळते.

या निर्णयाचा संबंध भूमितीशीही पोहोचतो. गाउस (१८०१) व वान्त्सेल (१८३७) यांच्या संशोधनानुसार ६५,५३७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास यांनी तत्त्वतः काढता येतो. ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा काढता येत नाही.

घातांक पुढे दुप्पट करीत गेल्यास मिळणाऱ्या संख्यांपैकी एकही अद्याप अविभाज्य आढळलेली नाही. पाच उदाहरणांनी उभे केलेले अनुमान सहाव्या उदाहरणाने ढासळले; त्याच वर्षी मांडलेले फर्माचे प्रमेय मात्र सिद्धतेच्या बळावर आजही अबाधित आहे.